पहिल्या चिंधीचा आकडा

९ फेब्रुवारी, रविवार

आज मशीन आलं. साबणाच्या वडीएवढं आहे. सोबत पट्ट्यांची डबी, टोचायचं पेन आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांतलं माहितीपत्रक. ते मी दोनदा वाचून काढलं.

अप्पांची साखर दहा दिवसांपूर्वी कळली. पायाच्या अंगठ्याची जखम दीड महिना भरत नव्हती, म्हणून ओढून नेलं होतं. उपाशीपोटी दोनशे चौदा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या मी देते. पण डोळे, मूत्रपिंड, पाय हे सगळं वीस वर्षांनंतरही जागेवर हवं असेल, तर रोज घरी मोजा आणि लिहून ठेवा." अप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. मी म्हटलं, मी लिहीन.

"घरात आणखी कोणाला होती का?" त्यांनी विचारलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत अप्पा म्हणाले, "यारिगू इल्ला. कोणालाच नाही."

आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. पदवीचा कागद अप्पांनी दोन्ही टोकांना धरला होता, नुकतं रंगवलेलं ओलं कापड धरतात तसा. त्या कागदाचा घराला काही उपयोग व्हायचा असेल तर तो आता. एक माणूस नीट नोंदी ठेवतो म्हणून दुसऱ्याचे पाय वाचतात, यापेक्षा मोठं काम मला तरी ठाऊक नाही.

वही मराठीत लिहायची ठरवली आहे. घरची आमची मराठी अर्धी कन्नड. ऑफिसातल्या आभा मॅडम पुण्याच्या. त्या म्हणतात, "नव्या, तुझी मराठी म्हणजे बिसीबेळे भात आहे गं. चविष्ट आहे, पण सगळं एकात एक. रोज पानभर लिही, सुटी होईल."

१० फेब्रुवारी

सकाळी सहाला अप्पांना बसवलं. हात धुतले, पुसले. पेन जवळ नेलं तर त्यांनी मूठ मिटली.

"आधी चिंधी, मग लुगडं," म्हणाले.

आमचे लोक मूळचे रंगारी. परसात अजून रंगाची दगडी डोणी आहे, अप्पा मेटगळ्ळीच्या कारखान्यात लागले तेव्हा तिच्यावर फरशी टाकून ती बंद केली. गिऱ्हाइकाचं लुगडं रंगात बुडवण्याआधी एक चिंधी बुडवून बघायची, हा घरातला नियम. नवं औषध, नवा साबण, नवा चहा, अप्पा सगळ्याला तोच लावतात.

"मग मी चिंधी का?"

"मग काय, लुगडं समजतेस स्वतःला?"

आई स्वयंपाकघरातून हसली. मी माझं बोट टोचलं, पट्टी लावली. १०८. "बघा, दुखत नाही." मग अप्पांचं बोट. १९८. अप्पांची बोटं राठ आहेत, दोनदा टोचावं लागलं.

वहीत दोन रकाने आखले. मोठा अप्पांचा, शाईने. समासात छोटा, पेन्सिलीने. त्यावर लिहिलं: चिंधी.

१६ फेब्रुवारी

घराचे नियम: चहात साखर नाही. गूळ, केळी, फणस घरात आणायचा नाही. भात एक वाटी. संध्याकाळी कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर चालणं. अप्पांना एकट्याला शिक्षा वाटू नये म्हणून मी पण सगळं पाळते.

आई म्हणाली, "शिकवून शिकवून घरात पोलीस आणला." पण तिने गुळाचा डबा स्वतःच शेजारी दिला.

चिंधी १२४, अप्पा १८६.

२२ फेब्रुवारी

चिंधी १५२, अप्पा १७१.

समासातल्या आकड्याने मी गोंधळले. मी काल रात्री आठला जेवले, गोड काही नाही. मग १५२ कुठून? अप्पांना दाखवलं. त्यांनी वहीकडे नीट बघितलंही नाही.

"पहिल्या चिंधीचा रंग खरा धरायचा नाही, पुट्टी. ती भांड्याचं उचलते. कालचा रंग, तळाची घाण. म्हणून तर चिंधी. न्याय दुसऱ्या बुडीवर करायचा."

विचार केल्यावर पटलं. डबी उघडली की वरच्या पट्टीला हवा लागलेली असणार. मशीनही रात्रभर थंड पडलेलं. पहिला आकडा मशीनचा, दुसरा माणसाचा. जुन्या लोकांच्या हातात विज्ञान असतं, फक्त त्यांना ते त्या नावाने माहीत नसतं. हे वाक्य मी आभा मॅडमना म्हणून दाखवणार आहे.

अप्पांचा आकडा बारा दिवसांत सत्तावीसने उतरला.

२ मार्च, रविवार

मुंग्या आल्या आहेत. परसातल्या डोणीवरच्या फरशीखालून निघतात. बारीक, तांबड्या, एकाच रांगेत. पूर्वी अप्पा परसाकडच्या न्हाणीघरातून आले की तिथे यायच्या, हे मला आईने आता सांगितलं. म्हणजे साखरेची ती खूण आधीच होती आणि कोणाच्या लक्षात आली नाही! आता तिथे जात नाहीत. माझे भिजवलेले कपडे बादलीत असतात, त्यावर चढतात. आईचे आणि अप्पांचे कपडे त्याच कट्ट्यावर, त्यांना शिवत नाहीत.

आईने हळदीची रेघ ओढली. मुंग्या रेघेपाशी थांबल्या, थोडा वेळ डोकी हलवली आणि वळसा घालून बादलीकडे गेल्या.

मला त्यात आनंदच वाटला. अप्पांच्या अंगातली साखर सुटतेय, तिच्या मागे त्या पण घर सोडून निघाल्या असतील.

ऊन लवकर तापलं यंदा. दिवसभर पाणी पाणी होतं. ऑफिसातली बाटली मी चार वेळा भरते.

चिंधी १८७, अप्पा १५४.

९ मार्च

एक विचित्र गोष्ट. गेले तीन दिवस मी झोपायला जाते तेव्हा खिडकीच्या फळीवर पितळी तांब्या भरून ठेवलेला असतो, वर ताटली. हा तांब्या मी कधी पाहिला नव्हता. कडेला कोरलेली वेल आहे, एका ठिकाणी पोचा. सकाळी तो रिकामा असतो आणि ताटली पुन्हा नीट वर झाकलेली.

"तू ठेवतेस?" आईला विचारलं.

"मी कशाला? तुला काय हात नाहीत?"

अप्पांना विचारलं. ते दाढी करत होते. आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नाही." एवढंच.

म्हणजे मीच झोपेत उठून पिते. दिवसा एवढी तहान लागते तर रात्रीही लागत असेल. ठेवणारी पण मीच असेन का? अप्पांच्या काळजीने माझं डोकं जरा शिणलं आहे.

१५ मार्च

आईने माझ्या तिसऱ्या ब्लाउजला टाके घातले. "वाळत चाललीस," म्हणाली. मी म्हटलं, अप्पांबरोबर चालते, भात कमी केला, त्याने होणारच. ऑफिसात आभा मॅडम म्हणाल्या, "काय गं, कुणासाठी एवढी बारीक होतेयस? नाव तरी सांग." सगळे हसले. मला हसताना थकवा आला.

संध्याकाळी आईने ट्रंक उघडली. तळातून एक जुनं पोलकं काढलं, गर्द निळं, घरच्याच रंगाचं. "हे घालून बघ. टाके घालून घालून बोटं दुखली माझी."

घातलं. कुठे टाका नको, कुठे सैल नको. जणू माझं माप घेऊन शिवलेलं. आरशासमोर मी वळले तर आई दाराला टेकून उभी होती. तिचा चेहरा उतरलेला.

"कोणाचं आहे?"

"अप्पांच्या अक्काचं. सरोजिनी. माझं लग्न व्हायच्या आधीच गेली. एकवीस वर्षांची होती." मग घाईने, "काढ ते. आणि अप्पांच्या पुढे तिचं नाव घेऊ नको, बेडा."

मला एक आत्या होती. बावीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नाही.

चिंधी २३१, अप्पा १३९.

१९ मार्च

पट्ट्या संपल्या. औषधांच्या दुकानात कृष्णमूर्ती असतात, त्यांनी विचारलं, "इतक्या लवकर? दिवसाला एकच ना?" मी सांगितलं, दोन. पहिली मशीन तपासायला.

"मशीन तपासायला पाण्याची बाटली मिळते, अम्मा. बोट कशाला टोचता?"

"आमच्या घरात तशी पद्धत आहे. पहिली नेहमी चुकीचीच येते. आज दोनशे चव्वेचाळीस."

त्यांनी चष्मा वर केला. "अदु यार रक्त? ते रक्त कोणाचं?"

"रक्त कोणाचंही असो, पट्टी खराब असते ना वरची."

"माझ्या दुकानातली पट्टी खराब नसते," ते म्हणाले. मग माझ्या मनगटाकडे बघत राहिले. "एकदा मोठ्या प्रयोगशाळेत दाखवा. दोघांचंही." दुकानदार आपला माल खराब आहे असं कधी कबूल करणार नाही, हे मी समजू शकते. परत येताना दुकानाची पाटी वाचता आली नाही. अक्षरांभोवती पाणी साचल्यासारखं दिसत होतं. रात्रीचं वाचन कमी केलं पाहिजे.

२३ मार्च, रविवार

भर दुपार. मी परसात डोणीच्या फरशीवर बसून पाणी पीत होते. ऊन इतकं पांढरं की भिंतींना सावल्या नव्हत्या. मागून अप्पांचा आवाज आला.

"अक्का, साकु. पुरे. आत ये."

मी वळले. अप्पा दारात. त्यांनी मला बघितलं, आणि मी ती नाही हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. थोडा नाही, बराच. मग आत गेले.

साखर फार उतरली की माणूस भ्रमतो, हे माहितीपत्रकात आहे. मी धावत मशीन आणलं. चिंधी २६८. अप्पा ११२.

११२ म्हणजे उतरलेली नाही. उत्तम आहे. मग भ्रम कशाचा? अप्पांच्या डोक्यात काही होतंय का? पाय वाचवता वाचवता मी दुसरं काही बघायची राहिले का?

ते मशीनकडे बघत नव्हते. माझ्या हातातल्या रिकाम्या पेल्याकडे बघत होते.

३० मार्च, युगादी

आज बेवु-बेल्ल, कडुलिंब-गूळ खायचा दिवस. मी अप्पांना नुसता कडुलिंब दिला, गूळ नाही. "वर्षभर कडूच का मग?" ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी विनोद केला.

येलवालहून शंभूअज्जा आले. हे अप्पांचे चुलते, ऐंशीच्या पुढचे, आमच्यातले शेवटचे हाताने रंगवणारे. मी पाणी घेऊन गेले तर उंबऱ्यातच थांबले. चप्पल अर्धी पायात.

"दत्तू," त्यांनी अप्पांना हाक मारली, नजर माझ्यावर, "ही कधी आली?"

"ही नव्या आहे. माझी लेक," अप्पा म्हणाले.

"ते मला दिसतं. मी विचारलं, ही कधी आली."

अज्जांनी हुंगलं. "घरात रसबाळे आहेत?"

आई म्हणाली, नाहीत, महिना झाला केळं घरात आलेलं नाही. पण वास होता. आई चार दिवस तो शोधत होती, फडताळामागे, पलंगाखाली. नंजनगूडच्या रसबाळ्याची पिकलेली फणी बंद खोलीत ठेवावी तसा, गोड, घशाशी येणारा. माझ्या खोलीत जास्त. मला स्वतःला तो आता येत नाही.

अज्जांनी आईला परसात नेलं. मी खिडकीतून ऐकलं. "भानुमती, गाळी आहे ही, बाहेरची बाधा. तेव्हाही अशीच आली होती. वाऱ्यासारखी शिरते. तहान तिची असते, पोरीची नाही. पाणी तोडा. पाणी तोडलं की आत बसलेली निघते."

मी बाहेर आले आणि सरळ सांगितलं, "अज्जा, माफ करा, या घरात आता शिकलेलं माणूस आहे. असल्या गोष्टी इथे चालणार नाहीत." अज्जा माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या खांद्यावरून, माझ्या मागे कोणी उभं असल्यासारखे बघत म्हणाले, "बरं, सरो. जातो मी."

चिंधी ३१२, अप्पा १२१.

२ एप्रिल

आजचं सगळं लिहायचं आहे.

ऑफिसातून अर्ध्या दिवसाने घरी आले. पोट दुखत होतं, श्वास पुरत नव्हता. घागर उपडी. फिल्टर रिकामा. न्हाणीघराला कुलूप. आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसलेली.

"आई, पाणी."

"थोडं थांब."

"आई, पाणी दे."

"एक दिवस, पुट्टी. एकच दिवस. अज्जा म्हणाले..." आणि ती रडायला लागली.

मी भिंतीला धरून उभी होते तेवढ्यात अप्पा पहिली पाळी संपवून आले. त्यांनी घागर बघितली. अप्पा आईवर कधी ओरडत नाहीत. आज असे ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायचं थांबलं.

"ह्या घरात पाण्यावर पहारा परत नाही! ऐकलंस? परत नाही!"

कुलूप त्यांनी किल्लीने नाही, पाट्याच्या वरवंट्याने तोडलं. मी नळालाच तोंड लावलं. अप्पा बाजूला जमिनीवर बसले आणि सांगायला लागले. माझ्याकडे न बघता, डोणीकडे बघत.

सरोअक्का एकवीसची, अप्पा पंधराचे. ती दिवसभर पाणी प्यायची. जेवायची दोघांचं आणि वाळत चालली. तिच्या कपड्यांना मुंग्या. खोलीला रसबाळ्याचा वास. वरुणा गावाच्या बाजूचा एक मांत्रिक आणला. तो म्हणाला, पिणारी ही नाही, आतली आहे. पाणी तोडा. घागरीपाशी पहाऱ्याला अप्पांना बसवलं, हातात काठी देऊन.

"तिसऱ्या दिवशी ती सरपटत आली. म्हणाली, दत्तू, एक घोट. कोणाला सांगणार नाही. मी काठी आडवी धरली. मला सांगितलं होतं ना, ही अक्का नाही म्हणून. पण तिला माझं नाव माहीत होतं, पुट्टी. आतल्या कोणाला माझं नाव कसं माहीत असेल, एवढं मला सुचलं नाही."

संध्याकाळी ती गेली.

मला तहान, वाळणं, मुंग्या, वास, सगळं एकदम जुळलं. मी नळ सोडून त्यांच्याकडे वळले. "अप्पा! आत्याला साखर होती! ही सगळी साखरेची लक्षणं आहेत. ती तरुणपणीही होते, मी वाचलंय. तिला गाळी नव्हती, तिला औषध हवं होतं. तुमचा दोष नाही. तेव्हा घरात मोजणारं कोणी नव्हतं!"

एकोणचाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा आजार मी आज ओळखला. मला वाटलं, अप्पांच्या मनावरचं ओझं उतरेल. पण ते फार विचित्र नजरेने माझ्याकडे बघायला लागले. पायांपासून वर, हळूहळू.

"चिंधीचा आकडा आज किती होता?" त्यांनी विचारलं.

"तीनशे छप्पन्न. पण तो भांड्याचा. तुम्हीच सांगितलंत ना."

त्यांनी वही मागितली. समासातल्या रकान्यावरून बोट फिरवत वरून खाली गेले. १०८, १२४, १५२. अप्पांना मराठी वाचता येत नाही, आकडे येतात. शेवटच्या आकड्यापाशी त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. "लगेच दवाखान्यात जाऊ," म्हणाले. मी म्हटलं, पाणी प्यायले, बरं वाटतंय, आणि डॉक्टर आता गेल्या असतील. उद्या तुम्हाला दाखवायचंच आहे, तेव्हा जाऊ. मला खरंच फक्त झोप येते आहे.

३ एप्रिल

सकाळी अप्पांनी मला उठवलं. उजाडलं नव्हतं नीट. म्हणाले, आज लुगडं आधी.

मी म्हटलं, अप्पा, पहिली बुडी भांड्याची.

त्यांनी स्वतःच टोचलं. स्वतःच्या बोटाला. पहिली पट्टी. ११८.

मग माझं बोट धरलं. दुसरी पट्टी. ४३८.

आज मशीन उलटं चाललं. पहिली बरोबर आणि दुसरी भांड्याची. असं कसं होईल. अप्पा म्हणाले परत. तिसरी पट्टी, माझंच बोट, दुसऱ्या हाताचं. ४४१.

अप्पा, पट्टी नवीन आहे, भांडं तेच आहे, मग हे

मुंग्या वहीवर आल्या आहेत. अक्षरं हलतात की त्या हलतात. कोणीतरी खिडकीशी उभं राहून पाणी पितंय. घोटाघोटाचा आवाज मला इथे ऐकू

११ एप्रिल

आठ दिवसांनी वही हातात. काल घरी आले. चार दिवस अतिदक्षता विभागात होते, त्यातले दोन मला आठवत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी काही तास उशीर झाला असता तर. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला आता रोज चार वेळा इन्सुलिन. आयुष्यभर. साखर माझी होती. पहिल्या दिवसापासून समासात, पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात लिहिलेली होती.

मी बापाचे पाय वाचवायला निघाले होते. लाज वाटते. शंभूअज्जांना मी शिकलेलं माणूस म्हणून सुनावलं, आणि मी स्वतः चिंधीवर विश्वास ठेवून बसले होते.

३ तारखेच्या पानामागे अप्पांच्या हातच्या कन्नड नोंदी आहेत. रंगाचं माप लिहायचे तशा, डावीकडे वेळ, उजवीकडे काय घातलं ते. मराठीत उतरवते:

६.१०. एक तांब्या पाणी. प्यायली.
६.२०. आणखी एक. प्यायली.
६.३५. रिक्षा. मांडीवर घेतलं. वजन नाही.
६.५०. अक्काला डॉक्टरांच्या हाती दिलं.

त्यांनी नव्या लिहिलेलं नाही. अक्का लिहिलं आहे.

आज दुपारी ते माझ्या पायाशी बसले होते. मी म्हटलं, "तो तांब्या तुम्हीच ठेवत होता ना? मी विचारलं तर नाही का म्हणालात?"

"खोटं नाही बोललो," अप्पा म्हणाले. "तू विचारलंस, माझ्यासाठी ठेवता का. तुझ्यासाठी नव्हता."

मी काय विचारलं होतं ते मला नीट आठवत नाही. ते पुढे म्हणाले, "मला वाटलं, ती परत आलीय. तुझ्यातून बघतेय. म्हटलं, या वेळी मागायला लावायचं नाही." मग, "तुला काही झालंय असं मला वाटलंच नाही, पुट्टी. मी तिलाच बघत राहिलो." आणि त्यांनी माझ्या पावलांवर कपाळ टेकवलं. मला ते सहन होईना. मी पाय काढून घेतले.

मुंग्या गेल्या. वासही गेला, असं आई म्हणते. मला आता तशी तहान लागत नाही, पहिल्यासारखी, माणसासारखी लागते. रात्री मी सलग झोपते, दवाखान्यातल्या सिस्टर पण तेच म्हणाल्या. काल रात्री आई माझ्याच खोलीत, दाराला पाठ लावून झोपली होती, आजही तिथेच झोपणार आहे.

काल झोपताना तांब्या फळीवर भरलेला होता. वर ताटली. मी त्याला हात लावला नाही.

१२ एप्रिल

समास खोडला. नवे रकाने आखले, सगळे शाईने, एकाच रुंदीचे. दोन आखायचे होते. तीन आखले.

नव्या: १४२.
अप्पा: ११६.
तांब्या: रिकामा.